‘पायाभूत वर्षा’ची कल्पना आणि तत्त्वज्ञानाचे अध्ययन

१

इंग्लंडमधील विद्यापीठांत ‘पायाभूत वर्ष’ ही संज्ञा आज ज्या अर्थाने रूढ आहे तो अर्थ, आणि १९५० साली नॉर्थ स्टॅफर्डशरमधील एका नव्या महाविद्यालयाने तिला दिलेला अर्थ, यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. आजच्या अर्थी पायाभूत वर्ष म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळण्यास लागणारे शालेय गुण वा विषय ज्यांच्यापाशी नाहीत, अशा विद्यार्थ्यांसाठी पदवीच्या आधी जोडलेले पूर्वतयारीचे एक वर्ष होय. १९५० च्या अर्थी ते सर्वांसाठी होते. ज्याचे शालेय गुण उत्तम, त्यालाही ते चुकत नसे. किंबहुना त्यालाच त्याची अधिक गरज आहे, असे ही योजना आखणाऱ्यांचे गृहीत होते. एका अर्थात उणीव काही विद्यार्थ्यांची आहे. दुसऱ्या अर्थात ती सर्वांची, म्हणजेच वस्तुतः शिक्षणपद्धतीची आहे.

हा भेद केवळ प्रवेशव्यवस्थेचा असता तर त्याची चर्चा शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवून देता आली असती. परंतु तत्त्वज्ञानाच्या बाबतीत तो विषयाच्या स्वरूपालाच जाऊन भिडतो. गणिताच्या वा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास पदवीवर्गात पाऊल टाकण्यापूर्वी काय अवगत असले पाहिजे, हे पुष्कळशा निश्चितीने सांगता येते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याविषयी तसे सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये शालेय स्तरावर तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो; परंतु पदवीप्रवेशासाठी तो बहुधा आवश्यक मानला जात नाही. याचा अर्थ असा की, उत्तम गुण मिळवून आलेला विद्यार्थी आणि गुण कमी पडलेला विद्यार्थी हे दोघेही तत्त्वज्ञानाच्या दारात सारखेच नवखे असतात. मग ज्या पायाची उणीव एकापाशी आहे आणि दुसऱ्यापाशी नाही, तो पाया नेमका कशाचा? तत्त्वज्ञानास पाया लागतो काय, आणि लागत असल्यास तो तत्त्वज्ञानाच्या आत असतो की बाहेर? पायाभूत वर्षाच्या दोन्ही कल्पनांचे परीक्षण या प्रश्नाच्या अनुरोधाने केले असता त्यांतील बळ आणि दुबळेपणा ही दोन्ही स्पष्ट होतात.

२

उपर्युक्त महाविद्यालयाचे नाव ‘युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ नॉर्थ स्टॅफर्डशर’. ते किल या गावी १९४९ साली स्थापन झाले. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये १५७ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी तेथे दाखल झाली, आणि १९६२ मध्ये त्या महाविद्यालयाचे किल विद्यापीठ झाले. त्याचे पहिले प्राचार्य ए. डी. लिंडसे (१८७९–१९५२) हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले, ग्लासगो येथे नीतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केल्यानंतर १९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षे ते ऑक्सफर्डमधील बेलिअल महाविद्यालयाचे प्रमुख होते. कांटवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मधील, तर ‘द मॉडर्न डेमोक्रॅटिक स्टेट’ हा १९४३ मधील आहे. हिंदुस्थानातील ख्रिस्ती उच्च शिक्षणाच्या पाहणीसाठी १९३०–३१ साली आलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते, हेही येथे नमूद करावयास हवे. अशा गृहस्थाने वयाच्या सत्तरीत ऑक्सफर्डचा प्रतिष्ठित आसरा सोडून कोळशाच्या खाणी आणि मातीच्या भांड्यांचे कारखाने यांनी वेढलेल्या प्रदेशात नवी संस्था उभारावयास जावे, यामागे विद्यापीठीय शिक्षणाविषयीचा एक निश्चित विचार होता.

त्या विचाराची पाळेमुळे त्याच प्रदेशात सापडतात. १९०८ साली आर. एच. टॉनी यांनी प्रौढ कामगारांसाठी विद्यापीठीय दर्जाचे जे पहिले अभ्यासवर्ग चालविले, त्यांपैकी एक नॉर्थ स्टॅफर्डशरमधील लाँगटन येथे होता. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात येणाऱ्या या विद्यार्थ्यांपाशी कोणतीही पात्रतापत्रे नव्हती. अनुभव होता, प्रश्न होते आणि वाद घालण्याची हौस होती. कामगार शिक्षणाच्या या चळवळीशी लिंडसे यांचा दीर्घकाळ संबंध होता, आणि किल येथील महाविद्यालयाच्या मागणीस स्थानिक पाठिंबा मिळाला तोही याच परंपरेतून. म्हणजे ज्यांना आजच्या भाषेत ‘पायाची उणीव असलेले’ म्हटले जाईल, अशांच्या शिक्षणाच्या अनुभवातून ही संस्था जन्मास आली. तथापि तिने पायाभूत वर्ष त्यांच्यापुरते ठेवले नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

नव्या महाविद्यालयांना तोपर्यंत बहुधा लंडन विद्यापीठाच्या बहिःस्थ पदव्यांसाठी विद्यार्थी तयार करावे लागत. किलला मात्र ऑक्सफर्ड, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या तीन विद्यापीठांच्या पालकत्वाखाली स्वतःची पदवी देण्याचा अधिकार आरंभीच मिळाला. त्यामुळे अभ्यासक्रमही स्वतः ठरविता आला. पदवीचा काळ तीनऐवजी चार वर्षांचा करण्यात आला आणि पहिले वर्ष सर्वांना समान ठेवण्यात आले. त्या वर्षाची मूळ सूत्रे तीन होती: पाश्चात्त्य संस्कृतीचा वारसा, आधुनिक औद्योगिक समाजाची घडण आणि त्याचे प्रश्न, प्रायोगिक विज्ञानांचे स्वरूप, पद्धती आणि प्रभाव. निरनिराळ्या विभागांतील अध्यापक या व्याख्यानमालेत भाग घेत आणि तिला छोट्या चर्चागटांची जोड असे. पुढील तीन वर्षांतही कला आणि विज्ञान यांपैकी एका बाजूच्या विद्यार्थ्यास दुसऱ्या बाजूचा निदान एखादा विषय घ्यावाच लागे.

३

या तीन सूत्रांपैकी एकाचेही नाव ‘तत्त्वज्ञान’ नाही. योजनेचा प्रवर्तक तत्त्वज्ञ असूनही त्याने तत्त्वज्ञानाला सर्व ज्ञानाचा पाया म्हणून पहिल्या वर्षाच्या शिरोभागी बसविले नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तर्कशास्त्र प्रथम शिकवावे, मग प्रमाणशास्त्र, आणि त्यानंतर इतर शास्त्रांकडे वळावे, असा क्रम सुचविणे अशा व्यक्तीस सहज शक्य होते. तसे न करता तत्त्वज्ञानापूर्वी विज्ञान, इतिहास आणि समाज यांचा परिचय ठेवण्यात आला.

या क्रमाची तुलना ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागातील क्रमाशी करणे अपरिहार्य आहे. तेथे अंकगणित, समतल आणि घन भूमिती, ज्योतिष व स्वरशास्त्र यांच्या दीर्घ अध्ययनानंतर, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवडक व्यक्तींनाच वादविद्येत प्रवेश मिळतो. कोवळ्या वयात वादविद्या हाती आली तर तरुण तिचा खेळ करतात, कुत्र्याच्या पिलांप्रमाणे समोर येईल त्याचे लचके तोडण्यात त्यांना आनंद वाटू लागतो आणि अखेरीस त्यांचा कशावरच विश्वास उरत नाही, असे प्लेटोचे निदान आहे. ‘रिपब्लिक’चे भाषांतर करणाऱ्या लिंडसे यांस हा इशारा अपरिचित असणे शक्य नव्हते. किलच्या योजनेने त्यातील अर्धा भाग स्वीकारला आणि अर्धा नाकारला. तत्त्वज्ञानापूर्वी अन्य ज्ञान हवे, हे तिने मान्य केले. परंतु ते ज्ञान चाळणीसारखे वापरून मूठभरांना आत घ्यावे आणि बाकीच्यांना बाहेर ठेवावे, ही प्लेटोची कल्पना तिने सोडून दिली. प्लेटोच्या नगरीत पूर्वाध्ययन ही अधिकाराची कसोटी होती. किल येथे ती सर्वांची समान भूमी झाली.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यास या समान भूमीचा उपयोग काय? उपयोग असा की, तत्त्वज्ञानाचे अनेक प्रश्न तत्त्वज्ञानाच्या बाहेर जन्मतात. भौतिकीने मापनीय गुण आणि इंद्रियगोचर गुण यांत भेद करावयास प्रारंभ केला, गॅलिलिओने १६२३ सालच्या आपल्या ग्रंथात रंग, रस, गंध हे द्रष्ट्याच्या संवेदनेवर अवलंबून असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्यानंतर लॉकला प्राथमिक व दुय्यम गुणांचा प्रश्न त्या स्वरूपात उपस्थित करता आला. ही पार्श्वभूमी ज्यास ठाऊक नाही, त्यास बर्क्लीचा चिद्वाद एका बुद्धिमान धर्मगुरूचा लहरीपणा वाटतो. तो बर्क्लीची अनुमाने पाठ करू शकेल. बर्क्ली कशाला उत्तर देत होता, हे त्यास कळणार नाही. तीच गोष्ट स्वातंत्र्याच्या संकल्पनेची. टी. एच. ग्रीन यांनी १८८१ साली उदारमतवादी कायदे आणि कराराचे स्वातंत्र्य या विषयावर जे व्याख्यान दिले, त्यातील स्वातंत्र्याची विधायक व्याख्या शब्दांचा कीस काढून निघालेली नाही. बालकामगारांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणाऱ्या १८३३ च्या कारखाना कायद्यापासून पुढे अर्धशतकभर जो वाद चालला होता, राज्यसंस्थेने मालक आणि मजूर यांच्या करारात हात घालावा की नाही याविषयीचा, त्या वादात ती व्याख्या एक बाजू घेते. औद्योगिक समाजाच्या प्रश्नांचे व्याख्यान ऐकून आलेला विद्यार्थी ग्रीनच्या व्याख्येपाशी पोचतो, तेव्हा ती त्यास पाठ करण्याची ओळ न वाटता कोणीतरी कोणाला दिलेले उत्तर वाटते. पायाभूत वर्षाचे तत्त्वज्ञानदृष्ट्या समर्थन ते हेच.

हे समर्थन त्या काळी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जाणारे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ज्या १९४९ साली किलची स्थापना झाली, त्याच वर्षी गिल्बर्ट राईल यांचा ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञानाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम १९४६ पासून सुरू झाला होता आणि संकल्पनांचे सूक्ष्म विश्लेषण हे तत्त्वज्ञानाचे विशिष्ट कार्य म्हणून प्रतिष्ठा पावत होते. विषय जसजसा अधिक काटेकोर होत होता, तसतशी त्याची अन्य शास्त्रांपासून फारकत होत होती. अशा वेळी किलने तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यास एक वर्षभर तत्त्वज्ञानेतर ज्ञानाच्या सहवासात ठेवले. त्यातून काही मिळालेच नाही, असे म्हणता येत नाही. किलचे तत्त्वज्ञानाचे पहिले प्राध्यापक डब्ल्यू. बी. गॅली यांनी तेथून बाहेर पडल्यावर, १९५६ साली, ‘स्वभावतःच विवाद्य संकल्पना’ हा आपला प्रसिद्ध विचार मांडला: कला, लोकशाही, सामाजिक न्याय यांसारख्या काही संकल्पनांचा योग्य उपयोग कोणता, याविषयीचा वाद त्या संकल्पनांच्या स्वरूपातूनच उद्भवतो, व तो कायमचा मिटविता येत नाही. हा विचार किलच्या वर्गातच जन्मला, असे विधान करण्यास आधार नाही. तथापि विविध शास्त्रांचे अध्यापक एकाच विद्यार्थ्यासमोर एकाच शब्दाचा निरनिराळा उपयोग करतात, अशा संस्थेस तो विचार विशेष लागू पडतो, यात संशय नाही.

४

किलच्या योजनेचे दोषही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजेत, कारण त्या योजनेचे स्मरण पुष्कळदा हळव्या गौरवाने केले जाते.

पहिला दोष पद्धतीचा आहे. विभागाविभागांचे तज्ज्ञ एकामागून एक येऊन बोलले, म्हणजे ज्ञानाचे ऐक्य आपोआप सिद्ध होत नाही. वैज्ञानिकाने विज्ञानाचे, इतिहासकाराने इतिहासाचे आणि अर्थशास्त्रज्ञाने अर्थकारणाचे सांगितले. त्यांचा परस्परसंबंध कोणी सांगावयाचा? चर्चागटांवर ही जबाबदारी सोपविलेली होती, म्हणजे अखेर ती सर्वांत अननुभवी अशा विद्यार्थ्यावर येऊन पडत होती. तज्ज्ञांना जे ऐक्य साधलेले नव्हते, ते अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने एका वर्षात साधावे, ही अपेक्षा उदात्त असली तरी न्याय्य नव्हे. तत्त्वज्ञानाने येथे प्रत्यक्ष कार्य करावयास हवे होते. सूत्रांत त्याचे नाव न घालण्यात विनय होता. परंतु त्या विनयाची किंमत अशी की, प्रश्नांची देवाणघेवाण कोणत्या नियमांनी व्हावी, याचा विचार करण्याचे काम कोणाकडेच सोपविले गेले नाही.

दुसरा दोष आशयाचा आहे. ‘पाश्चात्त्य संस्कृतीचा वारसा’ हे सूत्र वारसा एकच आहे आणि त्याचे वारसही ठरलेले आहेत, असे गृहीत धरून चालते. ज्यांच्या वारशात हे सूत्र बसत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न १९५० च्या किलला फारसा जाणवला नसावा. किल येथे १९५४ ते १९७१ या काळात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या अँटनी फ्ल्यू यांच्या १९७१ मधील प्रवेशग्रंथाच्या नावात ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’ हे शब्द आहेत. आपल्या विषयाची सीमा नावातच सांगून टाकणे हा प्रामाणिकपणा झाला. परंतु पाया म्हणून जे सर्वांना द्यावयाचे, त्याची सीमा एका खंडावर आखलेली असेल, तर तो सर्वांचा पाया कसा ठरावा, ही शंका तिथेच राहते. ज्या आयोगाचे लिंडसे अध्यक्ष होते त्याच्या निमित्ताने हिंदुस्थानातील महाविद्यालये त्यांनी पाहिली होती. असे असूनही किलच्या तीन सूत्रांत पौर्वात्य विचारास स्थान नाही, ही गोष्ट उणी म्हणूनच नोंदवावी लागते.

तिसरा दोष ‘पाया’ या रूपकाचा आहे, आणि तो किलच्या योजनेपुरता मर्यादित नाही. पाया म्हटला की त्यावर इमारत आली, आणि इमारत उभी राहिली की पाया दृष्टीआड होतो. गणिताच्या अध्ययनात असे काही घडते. तत्त्वज्ञानाचा व्यवहार निराळा आहे. तेथे ज्यावर उभे राहावयाचे तेच खणून पाहावयाचे असते. देकार्तने जुना पाया उखडून नवा घालण्याची प्रतिज्ञा केली. परंतु त्याचा नवा पायाही पुढील पिढीने तितक्याच निष्ठुरपणे तपासला. ओटो नॉयराट यांनी या रूपकास दिलेला पर्याय प्रसिद्धच आहे: ज्ञानाची नौका खोल समुद्रातच असते, तिला कोरड्या गोदीत नेऊन तळापासून नव्याने बांधता येत नाही; तरंगत असतानाच एकेक फळी बदलावी लागते. हे रूपक मान्य केले तर पायाभूत वर्षात दिलेले ज्ञान पुढील तत्त्वज्ञानाचा पाया राहत नाही; ते तपासावयाच्या फळ्यांचा साठा ठरते. विद्यार्थ्याने विज्ञानाचे व्याख्यान ऐकावे ते त्यातील निष्कर्ष पक्के धरण्यासाठी नव्हे, तर ‘निष्कर्ष पक्का’ म्हणजे काय, हे पुढे विचारता यावे म्हणून. किलच्या व्यवस्थेत पहिले वर्ष संपले की ते मागे टाकले जाई, आणि विशेष विषयांचे अध्ययन आपापल्या वाटेने चाले. पहिल्या वर्षाची सामग्री दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षाच्या तत्त्वज्ञानवर्गात पुन्हा चौकशीसाठी आणणे हे योजनेचे तर्कशुद्ध उत्तरकार्य होते. परंतु योजनेच्या मांडणीत त्यास स्थान दिसत नाही.

५

किल येथे पुढे तीन वर्षांच्या पदवीचा मार्ग खुला झाला आणि सर्वांना समान असे ते वर्ष कालांतराने मागे पडले. संज्ञा मात्र उरली, आणि ती दुसऱ्या अर्थाने देशभर पसरली. आज इंग्लंडमधील अनेक विद्यापीठांत तत्त्वज्ञानाच्या पदवीस असे पूर्वतयारीचे वर्ष जोडता येते. केंब्रिजने कला, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांसाठीचे पायाभूत वर्ष २०२२ मध्ये सुरू केले. ऑक्सफर्डने २०२३ मध्ये सुरू केलेल्या वर्षाच्या चार शाखांपैकी एक तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या संयुक्त अध्ययनाची आहे. ज्यांचे शिक्षण प्रतिकूल परिस्थितीमुळे खंडित वा दुर्बल राहिले, अशा विद्यार्थ्यांसाठी ही दोन्ही वर्षे आहेत, आणि त्यांचा भार विद्यार्थ्यांवर न टाकण्याची व्यवस्थाही त्यांत आहे.

या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. लाँगटनच्या कामगारास संध्याकाळी दिव्याच्या उजेडात जे मिळत होते, ते त्याच्यासारख्याच परिस्थितीतून आलेल्या तरुणास जुन्या विद्यापीठाच्या अंगणात मिळू लागले, ही सामाजिक न्यायाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. परंतु अशा निधीचा आधार सर्वत्र नसतो. अन्य ठिकाणी या वर्षाचे शुल्क विद्यार्थ्यास भरावे लागते, आणि ते बहुधा कर्जातून भरले जाते. इंग्लंडमधील उच्च शिक्षणाच्या अर्थव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या ऑगर समितीने २०१९ साली या वर्षांसाठीचे शासकीय कर्ज, अपवाद सोडता, बंद करावे, अशी शिफारस केली. ती तशीच अमलात आली नाही. परंतु २०२५–२६ पासून वर्गातील अध्यापनावर अवलंबून असलेल्या विषयांच्या पायाभूत वर्षाचे कमाल शुल्क ५,७६० पौंड ठरविण्यात आले, तर त्याच वर्षी पदवीचे कमाल शुल्क ९,५३५ पौंड होते. विद्यार्थ्याचे कर्ज त्यामुळे कमी होते, हा लाभच. पण तत्त्वज्ञान ज्या गटात मोडते त्याची ओळख प्रयोगशाळा न लागणारा, म्हणून स्वस्त विषय, अशी झाली, आणि पायाचा विचार खर्चाच्या विचारात विरून गेला. शुल्क खर्चास पुरत नाही असे दिसताच विद्यापीठे अशी वर्षे बंद करू लागतील, हा धोकाही त्यात आहे.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने याहून गंभीर प्रश्न निराळा आहे. या वर्षात विद्यार्थ्यास मुख्यत्वे जे दिले जाते ते दीर्घ निबंध लिहिण्याचे, कठीण ग्रंथ वाचण्याचे, युक्तिवाद मांडण्याचे शिक्षण असते. हे आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु ही उणीव तत्त्वज्ञानाच्या पायाची नसून शाळेने जे द्यावयास हवे होते त्याची आहे. समाजाने जे दिले नाही, ते विद्यार्थ्याच्या अंगचे न्यून म्हणून नोंदविले जाते, आणि त्या नोंदीवर विषयाचे नाव चिकटविले जाते. परिणाम दोन्ही बाजूंनी अनिष्ट होतो. पायाभूत वर्षातून येणारा विद्यार्थी आपण तत्त्वज्ञानास इतरांहून कमी पात्र होतो, असे समजून वर्गात बसतो. सरळ पहिल्या वर्षात आलेला विद्यार्थी आपल्यापाशी पाया आहे, या समजुतीने बसतो. दोघांचीही समजूत चुकीची आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या अध्ययनास दुसरी समजूत पहिलीहून अधिक घातक आहे. सॉक्रेटिसाच्या संवादांत ज्यांचे अध्ययन पुढे सरकत नाही ते अज्ञ नव्हेत. ज्यांना आपण जाणते आहोत असे वाटते ते.

६

‘आरंभ करणारा’ कोण, हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेने फार काळजीपूर्वक विचारलेला आहे, आणि प्रस्तुत चर्चेत तिचे साहाय्य घेणे अप्रस्तुत ठरणार नाही. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत विषयप्रवेशापूर्वी अधिकारी कोण, याचे विवेचन येते. तेथे विवेक, वैराग्य, शमदमादी आणि मुमुक्षा या साधनांवर भर आहे, म्हणजे अधिकार मुख्यतः वृत्तीचा आहे. न्यायपरंपरेची भूमिका अधिक उद्बोधक आहे. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा बालांना सुखाने बोध व्हावा म्हणून रचलेला ग्रंथ. आठल्ये आणि बोडस यांच्या परिश्रमाने १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघालेल्या त्याच्या आवृत्तीने तो येथील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांच्या हाती गेला. या ग्रंथातील ‘बाल’ म्हणजे कोण, याचा खुलासा टीकापरंपरेने केला आहे. वयाने लहान तो बाल नव्हे, निरक्षर तोही नव्हे. व्याकरण, काव्य, कोश यांचे अध्ययन करूनही ज्याने न्यायशास्त्र अद्याप अभ्यासलेले नाही, तो बाल.

या खुलाशात पायाभूत वर्षाच्या दोन्ही अर्थांना ओलांडून जाणारी एक दृष्टी आहे. न्यायाचा नवशिक्या हा रिकाम्या हातांनी आलेला नाही. त्याच्यापाशी भाषा आहे, साहित्य आहे, शब्दांचे भांडार आहे. तरीही न्यायाच्या संबंधात तो बालच, आणि ते म्हणण्यात कमीपणा नाही, कारण मोठ्या वैयाकरणासही ते लागू पडते. पूर्वज्ञान आवश्यक आहे. पण ते आहे म्हणून बालत्व जात नाही. ही दृष्टी स्वीकारल्यास किलचे म्हणणे बरोबर ठरते ते या अर्थाने की, प्रत्येक विद्यार्थी तत्त्वज्ञानात नवखा म्हणूनच येतो. आणि आजच्या योजनांचे म्हणणे अपुरे ठरते ते या अर्थाने की, त्या नवखेपण काहींच्याच माथी मारतात. परंतु परंपरागत दृष्टीचीही मर्यादा सांगितली पाहिजे. व्याकरण आणि काव्य यांचे अध्ययन करण्याची मुभाच ज्यांना नव्हती, त्यांचा विचार त्या व्याख्येत नाही. तिने ज्यास बाल म्हटले तो विद्येच्या दारापर्यंत पोचलेला असतो. दारापर्यंतची वाट कोणाला बंद होती, हे ती विचारीत नाही. लाँगटनचा अभ्यासवर्ग आणि आजचे पायाभूत वर्ष यांचे समर्थन येथे होते. त्या कामगाराने व्याकरण-काव्य शिकलेले नव्हते, तरी मजुरी, भाव, मालकी यांचे ज्ञान त्याच्यापाशी होते. आणि तपासावयाच्या फळ्या म्हणून ते कोणत्याही कोशाइतकेच उपयुक्त होते.

यावरून तत्त्वज्ञानाच्या पायाभूत वर्षाची कसोटी ठरविता येते. विद्यार्थी जे जाणून येतो, मग ते शाळेतून आलेले असो वा गिरणीतून, त्याला हे वर्ष प्रश्नाचा विषय बनविते काय? ते ज्ञान पुढील वर्षांच्या तत्त्वज्ञानवर्गात पुन्हा उपयोगात येते काय, की वर्ष संपताच टाकून दिले जाते? आणि शालेय शिक्षणाची भरपाई व विषयाचा आरंभ या दोन गोष्टी ते वेगळ्या ठेवते काय? किलची योजना पहिल्या प्रश्नास अंशतः उतरते, दुसऱ्यास उतरत नाही; तिसरा प्रश्न तिने सर्वांना एकत्र बसवून बाजूस सारला, सोडविला नाही. आजच्या योजना तिसऱ्या प्रश्नापाशीच अडखळतात.

भारतातही हा विचार नवा नाही. ज्या वर्षी किलची स्थापना झाली, त्याच १९४९ मध्ये राधाकृष्णन आयोगाच्या अहवालाने पदवी अभ्यासक्रमात सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला. दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली सक्तीच्या पायाभूत विषयांसह सुरू केलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम २०१४ मध्ये मागे घेण्यात आला. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची बहुविद्याशाखीय पदवी पुन्हा पुढे आणली. अशा व्यवस्थेत तत्त्वज्ञान विभागांपुढे दोन मोह उभे राहतात: पहिल्या वर्षाचे विषय इतरांचे म्हणून दुर्लक्षावेत, हा एक, आणि तत्त्वज्ञान हाच सर्वांचा पाया म्हणून त्या वर्षावर हक्क सांगावा, हा दुसरा. किलचा अनुभव दोन्ही मोहांविरुद्ध साक्ष देतो. पहिल्या वर्षी अन्य शास्त्रांच्या वर्गात विद्यार्थ्याने जे ऐकले, त्याची विचारपूस तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या वर्गात झाली, तरच त्या पहिल्या वर्षास तत्त्वज्ञानाच्या अध्ययनात स्थान प्राप्त होईल. अन्यथा ते वेळापत्रकातील एक वर्ष राहील, आणि त्याचा भार, पैशाच्या आणि मानाच्या रूपाने, ज्याला तो सर्वांत कमी पेलवतो त्या विद्यार्थ्यावर पडत राहील.